नवी नळी, मागची फट : ब्रेक-बॅरल एअर रायफलच्या तीन सीलांचं परीक्षण

ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी खाली मोडून स्प्रिंग दाबायची आणि छर्रा भरायचा अशा एअर रायफलची नळी बदलताना बहुतेक जण सगळा पैसा नळीवर घालतात आणि तिच्या मागच्या तोंडावरचं सील मात्र हाताला लागेल ते बसवतात. मग वेग पडतो, छर्रे कागदावर वर-खाली लागतात आणि बोल नळीला लागतो. चांगली नळी यामुळे परत केली जाते, ही वाईट गोष्ट आहे. ठाणे-नवी मुंबईत सहज मिळणारी सीलं तीन प्रकारची : नायट्राइल रबराची ओ-रिंग (गोल कडं), पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचं सील आणि चामड्याचं वायसर. इथल्या हवेत त्यातलं कुठलं घ्यावं आणि ते कसं बसवावं, याचं हे परीक्षण.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. काडतुसाच्या रायफलीत ज्याला हेडस्पेस म्हणतात ते हे नव्हे, पण हे दुखणं त्याच्याच घराण्यातलं आहे. हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टच्या (काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडापासून काडतूस जिथे टेकून थांबतं तिथपर्यंतचं अंतर. स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, त्या प्रकारातलं .२२चं काडतूस आपल्या काठावर टेकतं. तिथे हे अंतर तपासायचा ‘गो’ गेज (मापाचा तुकडा) ०.०४३ इंचाचा आणि ‘नो-गो’ ०.०४६ इंचाचा, म्हणजे साधारण १.०९ आणि १.१७ मिलिमीटर. गोवर बोल्ट मिटला पाहिजे, नो-गोवर मिटता कामा नये. अंतर कमी पडलं तर बोल्ट मिटत नाही. जास्त झालं तर काडतुसाच्या मागच्या भागाला आधार उरत नाही, ते फुटू शकतं आणि गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. अशा रायफलीची नळी घरी बदलायची नसते. बंदुकीच्या दुरुस्तीला आणि चाचणीलाही शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे ते काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याचंच. .१७७ बोअरच्या (नळीचा आतला व्यास .१७७ इंच) आणि २० ज्यूल ऊर्जेच्या आतल्या एअर रायफलीला २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. पुढचं सगळं फक्त तिच्याबद्दल.

एअर रायफलीत दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने पुढे येतो, समोरची हवा दाबतो, आणि ती हवा एका बारीक भोकातून नळीत शिरते. नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडरचं तोंड यांच्यामध्ये एक फट असते. सीलचं काम ती फट बुजवणं एवढंच. फट उघडी राहिली की वेग तर जातोच, पण त्याहून मोठं नुकसान दट्ट्याचं होतं. समोरच्या हवेची गादी नसल्यामुळे तो सिलिंडरच्या टोकावर सरळ आदळतो आणि त्याचं सील व स्प्रिंग लवकर संपतात. उलट सील फार बाहेर आलेलं असलं तर नळी पूर्ण मिटत नाही, खाली लॅचची (मिटलेली नळी धरून ठेवणाऱ्या कळीची) पाचर आपल्या जागी पुरती बसत नाही, आणि प्रत्येक वेळी नळी केसभर वेगळ्या उंचीवर थांबते. कागदावर उभी रांग दिसली की पहिला संशय इथे घ्यावा. १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे केसभरालाही किंमत आहे.

म्हणून सील विकत घेण्याआधी मोजमाप. रायफल रिकामी, कॉक न केलेली (स्प्रिंग न दाबलेली), सील बसतं त्या नळीच्या खाचेत सील नाही, अशा स्थितीत नळी लॅचवर मिटवा आणि फटीत फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांची) पाती घालून बघा : वरून, डावीकडून, उजवीकडून. दोन्ही बाजूंत फरक आला तर सीलचा विचार बाजूला ठेवा. नळी वाकडी मिटते आहे, आणि कारण बहुधा पिव्होटच्या (नळी ज्यावर फिरते त्या खिळीच्या) दोन बाजूंच्या वायसरांच्या जाडीत आहे. ते आधी सरळ करा, कारण तिरकी फट कुठल्याच सीलने नीट बुजत नाही. मग व्हर्निअर कॅलिपरच्या मागच्या काडीने खाचेची खोली घ्या, तीन ठिकाणी. नव्या नळीची खाच जुन्या नळीइतकीच खोल असेल असं धरून चालू नका.

आता नायट्राइल ओ-रिंग. समजा खाच २.१० मिलिमीटर खोल आहे आणि फट ०.१०, म्हणजे रिंगला मिळणारी जागा २.२०. इथे दुकानातला गोंधळ आडवा येतो. एकाच डब्यातून तीन जाडीच्या रिंगा निघतात, आणि डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात : जपानी मापाची २.४०, मेट्रिक २.५० आणि इंची मालिकेतली २.६२. पहिली ०.२० दाबली जाते, म्हणजे जेमतेम आठ टक्के, आणि ती गळणार. दुसरी ०.३०, बारा टक्के, चालेल. तिसरी ०.४२, सोळा टक्के, बहुतेक रायफलींत सगळ्यात घट्ट आणि तरीही हाताने सहज मिटणारी. ‘अडीचची द्या’ म्हणून मागितली तर यातली कुठलीही हातात पडू शकते, म्हणून व्हर्निअर खिशात घेऊनच जा.

कडकपणा ७० शोअरचा घ्या (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप). ९० शोअरची रिंग टिकाऊ म्हणून पुढे केली जाते, पण ती दाबायला जास्त जोर लागतो आणि लॅचची स्प्रिंग तेवढा जोर देत नाही. अजून एक सापळा : ईपीडीएम रबराची रिंगही काळीच असते, आणि खनिज तेल किंवा ग्रीस लागलं की ती फुगते. बसवली तेव्हा ठीक, महिन्याभराने नळी मिटेना, हे तिचं लक्षण. ‘नायट्राइल’ किंवा ‘एनबीआर’ असं नाव घेऊनच मागा. लाल-नारिंगी सिलिकॉनची रिंग छान मऊ लागते, पण ती लवकर चिरते. ब्रेक-बॅरलमध्ये सील सरळ दाबलं जात नाही, नळी कमानीत फिरत येते आणि ते घासत बसतं, त्यामुळे सिलिकॉन इथे बाद.

रबर दाबलं की त्याचं आकारमान कमी होत नाही, ते फक्त बाजूला सरकतं. रिंगने खाच काठोकाठ भरली तर तिला सरकायला जागा उरत नाही आणि रबरही लोखंडासारखं वागतं. खाचेत थोडी मोकळी जागा दिसलीच पाहिजे. रिंगचा आतला व्यास खाचेच्या आतल्या भिंतीला बिलगणारा हवा. सैल रिंग दाबाखाली आत झुकते आणि छर्ऱ्याच्या वाटेत येते.

पॉलियुरेथेनचं सील बहुधा चौकोनी छेदाचं असतं आणि एका ठरावीक मॉडेलसाठी ओतलेलं असतं. त्या मॉडेलमध्ये ते उत्तम बसतं. चिरत नाही, झिजत नाही, नळी मिटताना स्वच्छ टक्क असा आवाज येतो. पण ते कडक असल्यामुळे ०.१० ते ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त दाब सोसत नाही, म्हणजे मोजमापात चुकायला जागाच नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पॉलियुरेथेनच्या सळईतून सील कातून देणारे लेथवाले मिळतात आणि नव्या नळीची खाच अवघड मापाची असेल तर हाच मार्ग चांगला. अडचण पावसाळ्याची आहे. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन उष्ण दमट हवेत पाण्याने आतून तुटत जातं. पॉलिइथर जातीचं टिकतं. दुकानात जात सांगता येणारा माणूस क्वचितच भेटतो. सील तपकिरी पडलं, चिकट लागलं, नखाचा वळ उठून तसाच राहिला तर ते संपलं. खाडीच्या हवेत चार महिने कपाटात पडलेल्या रायफलीचं सील न तपासता नेम धरू नये.

चामडं नव्या नळीला नको. ते तेल पितं, जास्त झालेलं तेल दट्ट्यापुढे जातं, दाबाने तापून पेटतं, आणि एखादा छर्रा धुरासकट भलत्याच वेगाने सुटतो. जून ते सप्टेंबर त्यावर बुरशीही धरते. खूप जुन्या रायफलीत, खडबडीत खोल खाचेत, एवढाच त्याचा उपयोग.

बसवताना जुनं सील सुईने उकरू नका. खाचेच्या तळावर ओरखडा पडला की तोच हवेची वाट होतो. बांबूची काडी आणि बोथट चिमटा पुरतात. रिंग पातळ पडत असेल तर खाली पितळी पत्र्याची शिम (पातळ चकती) घाला. वरच्या उदाहरणात २.४० रिंगखाली ०.१५ची शिम गेली की दाब साडेचौदा टक्क्यांवर येतो. शिमच्या कडा बारीक पॉलिश पेपरने मोडा. कागदाची शिम तेल आणि ओल शोषते, ती नको. सीलवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं तरी पुरे. पिव्होट आणि कॉकिंगच्या दांड्याला मॉलिब्डेनमचं ग्रीस, पण हवेच्या भोकात कुठलंच तेल नाही.

पिव्होटचा बोल्ट इतका आवळा की रायफल कॉक केल्यावर नळी सोडाल त्या कोनात थांबेल. आपटत खाली गेली तर सैल, ढकलावी लागली तर जास्त. ही तपासणी करताना एक हात नळीवर घट्ट असलाच पाहिजे आणि बोट चापापासून लांब. नळी उघडी असताना चाप सुटला तर ती चाबकासारखी वर येते. नळी वाकते, मध्ये बोटं असली तर तीही जातात.

सील पुरतं टेकतं की नाही, हे फिटर लोक वापरतात त्या मार्किंग ब्लूने (ठसा उमटवणाऱ्या निळ्या रंगाने) कळतं. सीलच्या तोंडाला पुसट थर लावा, नळी एकदा मिटवून उघडा. सिलिंडरच्या तोंडावर पूर्ण वर्तुळ उमटलं पाहिजे. अर्धचंद्र उमटला तर परत पिव्होटकडे जा. मग सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून, छर्रा भरून, भक्कम छर्रापेटीत मारा. पट्टी फडफडली किंवा उडाली तर सील गळतंय. रिकामा चाप मारून ही चाचणी करू नका, त्यात दट्ट्या आपटतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

छर्ऱ्याचा घेर (मागचा पसरट भाग) सपाट बसतो का, तेही पाहा. नव्या नळीच्या तोंडाला उतार कमी असला तर घेर जरासा बाहेर राहतो, मिटताना सीलला चावतो आणि स्वतःही वाकडा होतो. अंगठ्याने दाबून तो तोंडाशी सपाट बसला पाहिजे. बसत नसेल तर उतार करून देण्याचं काम लेथवाल्याचं. घरी ड्रिलचं पातं फिरवून नळ्या वाया गेल्याच्या तक्रारी ऐकू येतात त्या याच जागी.

वेगमापक मिळाला तर एकाच डब्यातले, एकाच वजनाचे दहा छर्रे मोजा. सरासरीपेक्षा सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद यांतलं अंतर जास्त बोलतं. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरने गेला तर ऊर्जा साडेसात ज्यूलच्या थोडी वर येते. २० ज्यूल गाठायला त्याच छर्ऱ्याला २७५ मीटरच्या आसपास वेग लागेल, म्हणजे चांगल्या सीलने मर्यादा ओलांडली जाण्याची भीती नाही. शंभरेक छर्ऱ्यांनंतर फट आणि टिश्यू दोन्ही पुन्हा बघा, कारण नवं रबर थोडं बसतं.

तिघांत पसंती ७० शोअरच्या नायट्राइलला, लागली तर पितळी शिमसह. मापात कातलेलं पॉलियुरेथेन दुसरं, पण दर पावसाळ्यानंतर तपासण्याची तयारी असेल तरच. नायट्राइल तुर्भे, महापे, रबाळ्याच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या हायड्रॉलिक सीलच्या दुकानांत मिळतं, आणि चहापाण्याच्या पैशांत अर्धा डझन रिंगा येतात. उरलेल्या उन्हापासून लांब, बंद डबीत ठेवा. उन्हात आणि उघड्या हवेत नायट्राइलला बारीक भेगा पडतात. दुकानात नमुना म्हणून जुनं सील नेऊ नका. वर्षानुवर्षं दाबून ते चपटं झालेलं असतं, आणि त्याच्या मापाची नवी रिंग पहिल्या दिवसापासून गळते. खाचेची खोली, खाचेच्या आतल्या भिंतीचा व्यास आणि फट, हे तीन आकडे कागदावर लिहून न्या.