मांजर आणताय? आधी स्वभाव, मग रंग

पिल्लं बघायला गेलं की नजर आधी रंगावर जाते. पिवळा प्रेमळ, तिरंगी तापट, काळी नकोच, असे निकाल पिलाला हात लावायच्या आधीच लागलेले असतात. पिवळ्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून पिवळ्या मांजरांत पाचांतले साधारण चार बोके निघतात आणि तिरंगी जवळपास नेहमी भाटीच असते. ‘पिवळा लाडिक’ म्हणताना लोक बरेचदा बोक्याचंच वर्णन करत असतात. रंगाकडे मुद्दाम बघावं असं मांजर एकच, पांढरं. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्यांत बहिरेपण जास्त असतं. शिवाय सोलापूरच्या उन्हात पांढऱ्या कानांच्या कडा भाजतात, त्यातून कॅन्सरही होऊ शकतो.

स्वभाव ठरवण्यात दोन गोष्टी मोठ्या. बापाने पिलांचं तोंडही पाहिलेलं नसलं तरी त्याचा धीटपणा त्यांच्यात उतरतो. आणि दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिलाला माणसांचे हात किती लागले, हे त्याहून महत्त्वाचं. म्हणून देणाऱ्याला रंग नका विचारू, पिल्लं कुठे वाढली ते विचारा. स्वयंपाकघरात पायात घुटमळत वाढलेलं पिल्लू आणि पत्र्यावर वाढून दोन महिन्यांनी धरलेलं पिल्लू, दोन्ही दिसायला सारखीच गोंडस असतात.

आता निवड. धीट पिल्लू अनोळखी माणसाच्या चपलेवर आधी चढतं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा खडखडाट, पाहुण्यांची ये-जा आणि शाळकरी पोरं असलेल्या घरात हेच निभावतं. पण ते ओट्यावर चढणार, दार उघडं दिसलं की जिन्यात पळणार, आणि खिडकीची नायलॉनची मच्छरजाळी फाडणार. जाळी लोखंडीच हवी. रोज दहा-पंधरा मिनिटं दोनदा दोरीने खेळवायला कुणी नसेल तर हेच पिल्लू रात्री पायाच्या घोट्यांवर झडप घालतं. दोघंही नोकरीवर जाणारे असाल तर एका वेतातली दोन घ्या, खर्च वाढतो पण पाय वाचतात.

बुजरं पिल्लू दोन माणसांच्या शांत घरात, जुळे सोलापूरमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रुळतं. एकाच माणसाला धरून राहतं, घर मात्र उलथंपालथं करत नाही. चूक होते ती पहिल्याच दिवशी. कौतुकाने सगळं घर दाखवलं जातं, पिल्लू कपाटामागे शिरतं आणि खाणं सोडतं. लहान पिल्लू दिवसभर उपाशी राहिलं तरी साखर उतरून ढासळतं. त्यामुळे पहिले तीन ते सात दिवस एकच खोली द्या: आडवा खोका, एका कोपऱ्यात वाटी, दुसऱ्या कोपऱ्यात शी-शूसाठी माती भरलेला ट्रे. होम मैदानाच्या आसपास राहत असाल तर बुजरं पिल्लू नकोच. जानेवारीत तिथे भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाचे आवाज त्याला झेपत नाहीत.

या दोघांच्या मधलं पिल्लू मिनिटभर लांबून निरखतं आणि मग स्वतःहून येतं. बहुतेक घरांना हेच योग्य. पण धीटाच्या उड्यांपुढे ते कुणाला दिसत नाही.

पारख कशी करायची? सकाळी सातला किंवा ऊन उतरल्यावर जा. एप्रिलच्या दुपारी कुठलंही पिल्लू ‘शांत’च वाटतं. जमिनीवर बसा, पाच मिनिटं हात लावू नका. मग बोट नाकापासून वीतभर अंतरावर धरा. हुंगायला येतं, लांबूनच बघतं की फिस्कारतं? किल्ल्यांचा जुडगा दोन हात अंतरावर पाडा. दचकणं सगळ्यांचंच होतं, अर्ध्या मिनिटात परत कुतूहलाने येतं का ते पाहा. शेवटी छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात देऊन दहा-पंधरा सेकंद उचला. सैल पडलं तर लहान मुलांच्या घरात चालेल. ताठ होऊन नखं काढत असेल तर पोरांच्या हाती देऊ नका. डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा पडदा वर आलेला, नाक वाहतं आणि पिल्लू गप्प, हा गरीब स्वभाव नव्हे, आजार आहे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जाऊन हेच सगळं एकदा करा.

पिलाचा स्वभाव हा अंदाजच असतो. वर्षभराच्या मांजराचा मात्र समोर दिसतो, म्हणून वृद्धांच्या घरी मोठं, नसबंदी झालेलं मांजर कधीही बरं. पर्शियन स्वभावाने थंड खरं, पण रोज केस विंचरावे लागतात आणि चपट्या नाकाने बेचाळीस अंशांत त्याला धाप लागते. पंखा-कूलरची खात्री नसेल तर गावठीच घ्या.

डोळे अजून निळसर असतील तर पिल्लू बहुधा सात आठवड्यांच्या आतलं आहे, थांबा. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये, बारा झाले तर उत्तमच. आणायच्या दिवशी जुन्या सोलापुरी चादरीचा हातभर तुकडा न्या, तो आईच्या आणि भावंडांच्या अंगावरून घासा आणि खोक्यात अंथरा. आठवडाभर धुऊ नका.