बेळगावचा पत्ता असलेली अमेरिकन ‘स्पेशल डिलिव्हरी’ पाकिटं: पैसे भरण्याआधी वाचा

खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या तिकीट संग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गठ्ठा विकायला आला होता. 11 पाकिटं, 18,500 रुपये. एका जुन्या मिशन बंगल्यातल्या ट्रंकेत सापडलेली, 1886 ते 1893 मधली, अमेरिकेहून बेळगाव कॅम्पला आलेली पत्रं, असं विकणारा सांगत होता. प्रत्येकावर अमेरिकेचं 10 सेंटचं स्पेशल डिलिव्हरी तिकीट. कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन मिशनरी होतेच, त्यामुळे ट्रंकेची गोष्ट पटते. 2,000 टोकन आणि बाकीची रक्कम, सगळी यूपीआयवर गेली. माल हातात आल्यावर अकराच्या अकरा पाकिटं बनावट निघाली.

ती बनावट आहेत हे ओळखायला भिंगसुद्धा लागलं नसतं. ही सेवा काय होती एवढं माहीत असतं तरी पुरे होतं. अमेरिकन टपाल खात्याने ती 1 ऑक्टोबर 1885 ला सुरू केली. नेहमीच्या टपालखर्चावर 10 सेंट जास्त भरले, की पत्र पोचल्या पोचल्या तिथल्या ऑफिसचा हरकाऱ्या मुलगा ते घरी नेऊन देई, पोस्टमनच्या फेरीची वाट न पाहता. त्या 10 सेंटांतले 8 पर्यंत त्या मुलाला मिळत. म्हणजे पैसे होते ते शेवटच्या टप्प्यावरच्या धावपळीचे, आणि ती धावपळ अमेरिकेतली. बेळगावच्या पोस्टातून त्या तिकिटावर कोण धावणार?

शिवाय हे तिकीट साध्या टपालखर्चासाठी चालत नसे. त्या काळी अमेरिकेहून हिंदुस्थानात पत्र धाडायला अर्ध्या औंसाला 5 सेंट लागत आणि त्याचं वेगळं तिकीट लावावं लागे. या गठ्ठ्यातल्या नऊ पाकिटांवर दुसरं तिकीटच नव्हतं. टपालखर्च न भरलेलं पाकीट इतक्या लांब आलं असतं तर वसुलीची खूण तरी त्यावर असती. तीही नव्हती.

पुढची खूण तिकिटावरच छापलेली आहे, आणि नवखे नेमके इथेच फसतात, कारण दोन्ही तिकिटं निळी, दोन्हींवर तोच धावणारा मुलगा. 1885 च्या पहिल्या तिकिटावर ‘अ‍ॅट अ स्पेशल डिलिव्हरी ऑफिस’ असा मजकूर आहे, कारण सुरुवातीला ही सोय ठरावीक ऑफिसांतच होती. 1886 च्या ऑक्टोबरात ती सगळीकडे लागू झाली, म्हणून 1888 च्या तिकिटावर ‘अ‍ॅट एनी पोस्ट ऑफिस’ असं आलं. गठ्ठ्यातल्या दोन पाकिटांवर हे दुसरं तिकीट होतं आणि शिक्का 1887 चा. एकावर नारिंगी तिकीट, शिक्का 1891 चा. नारिंगी तिकीट जानेवारी 1893 मध्ये निघालं.

मग प्रवासाचे दिवस मोजायचे. शिकागोचा शिक्का आणि बेळगावचा पोचीचा शिक्का यांत नऊ दिवसांचं अंतर होतं. आगगाडी, अटलांटिकवरची बोट, मग मुंबईपर्यंतची बोट, तिथून पुढे बेळगाव, हे नऊ दिवसांत होत नाही, आठवडे लागतात. वाटेतला एकही शिक्का मागच्या बाजूला नव्हता.

आता कागद आणि शाई. 10 पटीचं भिंग लावलं की इंकजेटने छापलेला शिक्का निळ्या-लाल-पिवळ्या बारीक ठिपक्यांत फुटतो. हाताने मारलेल्या शिक्क्याची शाई धाग्यांत शिरलेली, कडेला दाट, मध्ये विरळ असते. शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर उतरताना तुटली किंवा सरकली, तर तिकीट मागाहून चिकटवलंय. 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली कागद निळसर पांढरा झळकला, तर तो 1950 च्या आसपासचा किंवा नंतरचा. मात्र झळकला नाही म्हणून जुना ठरत नाही. इथे बरेच जण उलटा निष्कर्ष काढून बसतात. चहाच्या पाण्यात बुडवलेलं पाकीट झाकणाच्या घडीखालीही तितकंच तपकिरी दिसतं. खऱ्या जुन्या पाकिटाचा तो झाकलेला भाग फिकट राहतो.

असे विकणारे निपाणीच्या तंबाखू पेढ्यांची देशी ‘एक्स्प्रेस डिलिव्हरी’ पाकिटंही दाखवतात. त्यांवर तारखांची चाळणी लावा. नये पैसे 1 एप्रिल 1957 पासून. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचं कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973 ला. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 पासून. म्हणून 1965 च्या शिक्क्याच्या पाकिटावर पेढीच्या रबरी शिक्क्यात 590001 हा बेळगावचा पिन कोड किंवा ‘कर्नाटक’ दिसलं, की तिथेच थांबायचं.

पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो मागा: दिवसाच्या उजेडातले, 600 डीपीआयचं स्कॅन मिळालं तर उत्तमच, आणि झाकण उघडून आतल्या बाजूचाही एक. पिवळ्या दिव्याखालचा व्हिडिओ चालवून घेऊ नका, त्यात कागदाचा रंग लपतो. ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणाला तर थांबू दे त्या गिऱ्हाइकाला. प्रमाणपत्र दाखवलं तर त्यातला फोटो पाकिटाशी ताडा, शिक्क्याच्या कडा, डाग, तिकिटाच्या कडेचे दात मोजून. आणि न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचं (तिकिटं तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) म्हणून दिलं असेल, तर क्रमांक त्यांनाच कळवून खात्री करा.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक लागतो. चॅट पुसू नका. पाकिटं, कुरिअरचं वेष्टन आणि त्यावरची पावती जशीच्या तशी ठेवा. पाकिटावर पेन्सिलने ‘बनावट’ असं लिहायचा मोह होतो, पण पुरावा म्हणून ते कोरंच हवं. तक्रार निकाली निघाल्यावर मात्र मागे पक्क्या शाईत ते लिहा, म्हणजे तेच पाकीट उद्या अथणीत किंवा गोकाकात कुणाच्या गळ्यात पडणार नाही.