मृत्युपत्र की बक्षीसपत्र? शेत नावावर असलेल्या आईवडिलांसाठी

सातबाऱ्यावर पाच-सात एकर, गावात जुनं घर, तालुक्याला एखादा प्लॉट, आणि मुलं कुणी सुरतला तर कुणी पुण्याला. खानदेशात साठी ओलांडलेल्या बऱ्याच शेतकऱ्यांची मिळकत अशीच असते, आणि आपल्यामागे भांडण नको ही इच्छाही सगळ्यांची सारखीच. मग दोन कागद समोर येतात, मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र. मी अमळनेर तालुक्यातला. माझं स्वतःचं मृत्युपत्र नोंदवून झालं आहे. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आमच्या जिभाऊंनी, बक्षीसपत्र केलं. ते करतानाही मी सोबत होतो आणि नंतर काय झालं तेही पाहिलं. मृत्युपत्राने मिळकत आपण गेल्यावर दुसऱ्याकडे जाते, बक्षीसपत्राने आपल्या हयातीतच, एवढा फरक ध्यानात ठेवा. कुठला कधी करावा एवढंच बोलू.

त्याआधी जमीन कशी आली ते बघा, कारण पुष्कळदा निवड तिथेच होऊन जाते. स्वकष्टाची असेल तर दोन्ही रस्ते मोकळे. वडिलोपार्जित आणि अजून वाटणी न झालेली असेल, तर हिंदू कुटुंबात आपला न वाटलेला हिस्सा एकट्याच्या मर्जीने बक्षीस देता येत नाही. बाकी सहहिस्सेदारांची संमती नसेल तर असं बक्षीसपत्र कोर्टात टिकत नाही. तोच हिस्सा मृत्युपत्राने मात्र देता येतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातलं कलम ३० त्यासाठीच आहे. मुस्लिम कुटुंबांचा हिशेब निराळा. तिथे मिळकतीच्या एक-तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करायचं तर वारसांची संमती लागते, म्हणून हयातीत दिलेल्या बक्षिसाला जास्त वजन असतं.

वडिलोपार्जित म्हटलं की मुलींचा विषय येतो, आणि आपल्याकडे तो अजून कुजबुजत बोलतात. मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने हे १९९४ मध्ये कायद्यात आणलं, देशाने २००५ मध्ये. वडील २००५ साली हयात होते की नव्हते हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिटवला. तरी गावात ‘पोरींनी हक्कसोड करून दिला की झालं’ असं सर्रास धरलं जातं. राखीला आलेल्या बहिणीला तसंच रजिस्टर ऑफिसला नेऊन सही घेतलेली मी पाहिली आहे, आणि पुढे ती माहेरी यायची बंद झाली हेही पाहिलं आहे. कागद कुठलाही करा, मुलींना आधी समोर बसवून सांगा. त्यांचा वाटा तुमच्या मर्जीवर नाही, त्यांच्या जन्मावर आहे.

खर्चाचं थोडक्यात. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. बक्षीसपत्राला पूर्वी बाजारभावावर जबर शुल्क पडायचं. २०१५ पासून महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं आणि विधवा सून यांना राहतं घर किंवा शेतजमीन दिली तर ते २०० रुपयांवर आलं. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागू शकतो, तो दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्या. ही सवलत भावाला नाही, बहिणीला नाही आणि पुतण्यालाही नाही. मूलबाळ नाही म्हणून पुतण्याला सांभाळलं, त्याच्याच नावावर करायचं, अशी जोडपी आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी खर्चाचं पारडं सरळ मृत्युपत्राकडे झुकतं.

वेगात बक्षीसपत्र पुढे आहे, हे कबूल केलंच पाहिजे. दस्त नोंदवला, तलाठ्याकडे फेरफार पडला, हरकतीची मुदत संपली की नाव लागलं. मृत्युपत्राचं सगळं माणूस गेल्यावर सुरू होतं. मृत्यूचा दाखला, अर्ज, सगळ्या वारसांना नोटिसा, आणि एकाने जरी हरकत घेतली तरी नोंद तक्रारी होऊन पडून राहते. बक्षीसपत्रावरही वाद होतात, पण तिथे देणारा स्वतः हयात असतो, ‘होय, मीच दिलं’ असं सांगू शकतो. मृत्युपत्राच्या बाजूने बोलायला दोन साक्षीदारच उरतात. एक दिलासा एवढा की खानदेशातल्या मिळकतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नाही, त्यामुळे ती एक फेरी वाचते.

इथपर्यंत तराजू जवळपास सारखा आहे, कदाचित बक्षीसपत्राकडे थोडा जड. माझ्यापुरता तो फिरला तो एका कारणाने, आणि ते कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

जिभाऊंची जमीन चोपडा तालुक्यात, तापीकाठची. केळी आणि थोडी कपाशी. मुलगा सुरतला नोकरीला, स्वभावाने चांगला, आजही दर महिन्याला पैसे पाठवतो. जिभाऊंनी हौसेने सगळी जमीन त्याच्या नावे बक्षीस केली. भांडण नाही, फसवणूक नाही. पण शेत जिभाऊच करत होते, आणि सातबाऱ्यावर ते उरले नव्हते.

विकास सोसायटीकडे पीककर्जाला गेले, तर सातबारा ज्याचा त्याने यावं. केळीचा हवामानावर आधारित फळपीक विमा भरायचा, तर आधार ज्याचं त्याचा ओटीपी. तो सुरतच्या मोबाईलवर जायचा. मुलगा कामावर असला की फोन उचलायचा नाही, आणि सेवा केंद्रात पाठीमागे रांग उभी. वादळाने केळी आडवी झाली तेव्हा पंचनामा जिभाऊंनी उभं राहून करून घेतला, पण भरपाई जमा होणार सातबाऱ्यावरच्या नावाच्या, आधार जोडलेल्या खात्यात. आता तर त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही खातेदाराचाच. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० जिभाऊंचे बंद झाले, कारण ते आता जमीनधारक नाहीत. मुलगा आयकर भरतो, म्हणून त्याला ते मिळत नाहीत. घरातून १२,००० रुपये गेले आणि कुणाच्याच हाती लागले नाहीत.

पैशाचंही एक वेळ चालेल. पण सगळा जन्म सोसायटीच्या सभेत पुढच्या ओळीत बसलेला माणूस सेवा केंद्राच्या बाकावर मोबाईल हातात धरून मुलाच्या फोनची वाट पाहतो, हे मला बघवलं नाही. एकदा ते मला म्हणाले, “जमीन मनी, सही पोऱ्यानी.” म्हणजे जमीन माझी, सही पोराची. त्या बोलण्यात मुलाची तक्रार नव्हती. नव्हती म्हणूनच ते जास्त लागलं. मुलगा वाईट निघाला असता तर कायदा होता. इथे सगळे चांगले असूनही म्हातारपणी शेतकऱ्याचं शेतकरीपण कागदावरून गेलं.

यावर वकील एक उपाय सांगतात आणि तो खरा आहे. बक्षीसपत्रात ‘हयातीपर्यंत राहण्याचा आणि उत्पन्न घेण्याचा हक्क माझ्याकडे राहील’ असं लिहून घेता येतं. ताबा लगेच दिला नाही तरी नोंदणीकृत बक्षीसपत्र वैध राहतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. घरासाठी ही तजवीज उत्तम. शेतासाठी मला ती अपुरी वाटते. तो हक्क फार तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दिसेल, पण बँक, विमा आणि पोर्टल भोगवटादाराच्या रकान्यातलं नाव बघतात. माझा अनुभव एका घरापुरता आहे. मुलगा गावातच असेल, बापलेक एकत्र शेती करत असतील, तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

आता तो कायदा. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याचं कलम २३ असं आहे की सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. हे न्यायाधिकरण म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकारी. निर्वाहभत्ता महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतो आणि त्या अर्जाचा निकाल साधारण ९० दिवसांत द्यावा असं कायदा म्हणतो. ‘अटीवर’ हा भाग सोडू नका. बक्षीसपत्रात अटच नसेल तर कलम २३ लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला, ताबाही परत देववला, पण त्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं. छापील नमुन्यावर केलेल्या बक्षीसपत्रांत ही अट बहुधा नसते. ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’ एवढंच असतं.

आणि अट असली तरी किती आईबाप प्रांतांकडे जातील? मी ज्यांना ओळखतो त्यातल्या बहुतेकांना पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करण्यापेक्षा उपाशी राहणं सोपं वाटेल. ज्या हक्कासाठी मुलाला नोटीस काढावी लागते, त्या हक्काच्या भरवशावर मला म्हातारपण काढायचं नव्हतं.

मृत्युपत्राने मला दुसरं काय दिलं, तेही सांगतो. ते बदलता येतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा शेत दोन्ही मुलांना आणि प्लॉट धाकट्या मुलीला असं लिहिलं होतं. पुढे जावई अचानक गेले आणि ती नातवाला घेऊन आमच्याकडे आली. मी नवं मृत्युपत्र केलं, राहतं घर तिला लिहिलं, आणि मुलांना बसवून तसं सांगितलं. मोठा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “नाना, हेच बरोबर आहे.” बक्षीसपत्र करून घर आधीच मुलांना दिलं असतं, तर आज मला त्यांच्याकडे ते परत मागावं लागलं असतं. कारण एकदा स्वीकारलेलं बक्षीस केवळ आपलं मन बदललं म्हणून रद्द होत नाही.

बक्षीसपत्रच करावं अशी घरंही आहेत. एकच मुलगी सांभाळते आहे आणि बाकीचे आपण गेल्यावर तिला बाहेर काढतील अशी रास्त भीती आहे, तर राहतं घर आजच तिच्या नावावर करा, स्वतःचा हयातीचा हक्क राखून आणि सांभाळण्याची अट घालून. पत्नीच्या नावे काहीच नसेल तर तिलाही घर हयातीतच द्यावं असं मला वाटतं. नवरा गेल्यावर विधवेला वारस नोंदीसाठी खेटे घालायला लागू नयेत. पण सगळं देऊ नका. निदान एक गट स्वतःच्या नावावर राहू द्या.

बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून मृत्युपत्राची गरज नाही, हा समज सोडा. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारसच राहतात. शेअर्सबाबतही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

मृत्युपत्राकडे कल झाला असेल तर थोडं जपून करा. नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, तरी मी नोंदवलं, कारण नंतर तलाठ्यापुढे आणि कोर्टापुढे त्या शिक्क्याचा उपयोग होतो. साक्षीदार दोन, आपल्यापेक्षा वयाने लहान, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. समवयस्क मित्राला घेण्याचा मोह होतो, पण तो आपल्याआधीही जाऊ शकतो. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा ताज्या सातबाऱ्यावरून उतरवा. सत्तरीपुढे असाल तर त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला जोडा, शुद्धीवर होते की नव्हते या वादात त्याचा आधार होतो. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर का देताय ते एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ शिक्षणाला किंवा प्लॉटला आधीच पैसे दिले आहेत. कारण न लिहिलेल्या कमी वाट्यावरच हरकती येतात. आणि नवं मृत्युपत्र करताना ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य घालून जुन्याची नोंदणीची तारीख त्यात लिहा, म्हणजे जुनी प्रत घेऊन कुणी तलाठ्याकडे गेला तरी नवं दाखवून हरकत घेता येईल.