नेमप्लेटसाठी ३० अंशांची कटर पेटी: नवख्यांनी हीच घ्यावी, पण भिंग लावून

सांगली-मिरज-कुपवाडकडे संगणकावर चालणाऱ्या छोट्या मशिनवर नेमप्लेट कोरायला घेणारा बहुधा आधी टोकाच्या सगळ्या कोनांच्या कटरची मिक्स पेटी उचलतो. नका घेऊ. त्यातले १० अंशांचे कटर हात बसायच्या आतच मोडतात आणि ९० चे पडून राहतात. आम्ही सुचवतो ती पेटी एकाच मापाची: कार्बाइड, शँक (मशिनमध्ये धरायचा दांडा) ३.१७५ मिमी, कोन ३० अंश, टोक ०.२ मिमी, नग दहा.

०.१ चं टोक बघायला छान, पण पितळेत उतरतानाच उडतं. ०.२ च्या टोकाने ०.२ मिमी खोल गेलं की रेघ ०.३१ मिमी रुंद पडते. ६० अंशांच्या कटरने तीच ०.४३. पत्रा एखाद्या जागी ०.१ मिमी वर आला असेल, तर ३० अंशात रेघ तिथे जेमतेम ०.०५ ने जाड होते, ६० मध्ये दुपटीहून जास्त. इंग्रजी कॅपिटलमध्ये हे एक वेळ खपून जातं, देवनागरीत नाही. पाच मिमीच्या अक्षरात ‘क्ष’ची गाठ बुजते, रफार शिरोरेघेला चिकटतो. दारावरच्या मोठ्या पाटीसाठी ६० चा एखादा सुटा कटर वेगळा घ्यावा.

पेटीतला माल एकसारखा नसतो, गुण कापायचे ते इथे. दहापट भिंगाखाली टोकाशी पांढरा ठिपका चमकला तर धार उडालेली आहे. मग टोकाकडे दांडा अर्धा घासून केलेल्या सपाट भागाची जाडी मायक्रोमीटरने बघा: शँकच्या निम्मी, म्हणजे १.५९ मिमीच्या आसपास हवी. जास्त भरली तर कटर कापत नाही, नुसता घासतो; रेघेच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, उभी राहते आणि टोक तापतं.

पितळेला १०,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), फीड (कटर पुढे सरकायचा वेग) मिनिटाला १५० ते २०० मिमी, कोरण्याच्या एका हातात खोली ०.०५ ते ०.१ मिमी, वर तेलाचा थेंब. कटर सरळ खाली टोचू नका, तिरका उतरवा. ॲक्रिलिक घेताना कास्ट (साच्यात ओतलेली) शीटच मागा. एक्स्ट्रुडेड (दाबून काढलेली) शीट वितळून टोकाला गोळा धरते.

टोकं सारखी मोडत असतील तर पेटीला शिव्या घालण्याआधी कोलेट, म्हणजे कटर पकडणारी चिरांची बाही, बघा. ईआर-११ मापाचा कोलेट आधी नटमध्ये थोडा तिरका धरून टक् होईपर्यंत दाबायचा, मगच नट स्पिंडलला (मशिनच्या फिरणाऱ्या दांड्याला) लावायचा. कोलेट नुसता स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर कटर डगमगत फिरतो आणि रेघ जाड येते.

स्टीलच्या डब्यांवर नावं घालायला मात्र ही पेटी आणू नका. स्टेनलेस घासलं गेलं की आणखी कडक होतं आणि हे बारीक टोक तिथे टिकत नाही. त्याला न फिरणारा, हिऱ्याच्या टोकाचा ड्रॅग कटर लागतो.

पेटीला पाचपैकी साडेतीन गुण. दुकानदार पेटी उघडून भिंगाने बघू देत नसेल तर पेटी सोडा, दोन सुटे नग घ्या.