बेसच्या तारा, ब्रिज आणि खुंट्या: पैसे आधी कुठे घालायचे?

श्रावण संपत आला की बडोद्यातल्या बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या गप्पांत एकच विषय असतो. गणपतीत ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम, पितृपक्षात जरा उसंत, की लगेच नवरात्र. हातातल्या बेसवर तारा मात्र मागच्या नवरात्रातल्याच. अशा वेळी खिशात जे काही असेल ते तारांवर घालावं, जाडजूड नव्या ब्रिजवर (बॉडीवर तारा अडकवायचा धातूचा भाग), की ढिल्या खुंट्या बदलण्यावर? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना भांडायला बरं: आवाज बदलायचा असेल तर तारा बदला. ब्रिज बदलायचा तो जुना बिघडला म्हणून, आवाजासाठी नव्हे.

राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड

दोन्हींच्या पोटात पोलादी गाभाच असतो, फरक वरच्या गुंडाळीचा. राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे बोट सरकवलं की बारीक खाचा लागतात. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी असते, अंग गुळगुळीत. 1951 साली फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हा आणि पुढची बरीच वर्षं फ्लॅटवाउंडचंच राज्य होतं. 1960च्या दशकात ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल आणि तारा बनवणारी इंग्लंडची रोटोसाउंड कंपनी यांनी मिळून स्टीलच्या राउंडवाउंडचा तो खणखणीत आवाज घडवला. त्याच काळात तिकडे डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये बेसवादक जेम्स जेमरसन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंडवर वाजवत होता, आणि तुटल्याशिवाय तारा बदलायचा नाही अशी त्याची ख्याती. म्हणजे थोर वाजवणारे दोन्ही पंथांत आहेत. त्यांच्याकडे बघून निर्णय होत नाही, आपण कुठे वाजवतो ते बघून होतो.

गरब्याचं मैदान घ्या. तिथे ढोल खर्जातली सगळी जागा व्यापून बसलेला असतो. फ्लॅटवाउंडचा ‘धप्प’ त्या थापेत विरघळतो. स्टेजवर तुम्हाला तो जाणवतो, समोर फेर धरणाऱ्यांना नाही. राउंडवाउंडला वरची धार असते, बोट तारेवर पडल्याची ‘टक’ ऐकू येते, आणि ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड या गर्दीतून बेसची ओळ वेगळी निघते. तेव्हा गरब्यासाठी राउंडवाउंड, यात मला फारशी शंका नाही.

दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या गणपतीत भावगीतं, नाट्यगीतं आणि जुनी हिंदी गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राचं गणित उलटं. तिथे तबला आहे, हार्मोनियम आहे, मधे गायकाचा एक मोकळा आलाप आहे. त्या शांततेत राउंडवाउंडवरून बोट सरकल्याची ‘चर्र’ माइकमधून थेट शेवटच्या रांगेपर्यंत जाते. फ्लॅटवाउंड तिथे गप्प राहून काम करते. स्वर लवकर विझतो, पण लयीला तेच सोयीचं.

दोन्हीकडे एकच बेस नेणार असाल तर निकेलच्या राउंडवाउंड घ्या आणि भावगीतांच्या दिवशी ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा एक तुकडा सारा. तार निम्म्याहून अधिक फ्लॅटवाउंडसारखी बोलायला लागते. जुन्या फेंडर बेसच्या ब्रिजवरच्या झाकणात असा फोमचा तुकडा कंपनीच बसवून द्यायची, त्यामुळे हा जुगाड आहे असं कोणी हिणवलं तर मनावर घेऊ नका. फ्लॅटवाउंडवर राउंडवाउंडची धार आणायचा असा स्वस्त उपाय मात्र नाही.

किमतीत फ्लॅटवाउंड महाग, साधारण दीड-दोन पट. पण टिकतात किती ते बघा. राउंडवाउंडच्या खाचांत घाम आणि कातडीचा मळ बसतो, वरचे स्वर मरतात, आणि नवरात्राच्या नऊ रात्री रोज तीन-तीन तास वाजवल्यावर दसऱ्याला तार बद्द वाटते. ऑक्टोबरचा उकाडा आणि घामट हात असतील तर त्याच्याही आधी. फ्लॅटवाउंडला मळ धरायला जागाच कमी, त्यामुळे त्या वर्षानुवर्षं चालतात. वर्षाचा हिशोब मांडला तर त्याच स्वस्त पडतात.

यातून सुटकेचा एक मधला मार्ग आहे. एलिक्सरसारख्या, वर पातळ पॉलिमरचं अस्तर असलेल्या राउंडवाउंड घामाला जास्त दिवस दाद देत नाहीत. ज्याच्या घामाने दोन आठवड्यांत तार काळी पडते त्याने घ्याव्यात. पिकने (तार छेडायच्या चकतीने) वाजवणाऱ्याने विचार करावा, कारण पिक जिथे आपटतो तिथलं अस्तर हळूहळू सुटतं आणि तारेवर पांढरट भुसा दिसू लागतो. जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा चढवायची युक्ती सगळ्यांनाच माहीत असते. मळ निघतो, चारदोन दिवस आवाज उघडतो, पण नीट वाळवल्या नाहीत तर आतून गंज धरतो. स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवणं त्यापेक्षा बरं.

निकेल की स्टेनलेस स्टील, हे थोडक्यात. निकेल म्हणजे बहुधा निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद: हाताला मऊ, फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) सौम्य. स्टेनलेस अधिक कडक, अधिक झगझगीत, आणि फ्रेट लवकर खातं. फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसवर स्टीलच्या राउंडवाउंड चढवू नका, लाकडावर चर पडतात. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या काळ्या तारा मिळतात त्याही साध्या चुंबकी पिकअपवर (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागावर) चालतात, कारण गाभा पोलादीच असतो.

जाडी, ताण आणि पाकिटावरचं नाव

बेस तारांच्या पाकिटावर इंचाचे हजारांश भाग छापलेले असतात. 45-65-80-100 म्हणजे हलका आणि सर्वांत सोयीचा संच, डॅडारिओ कंपनीचा ईएक्सएल 170 हाच. 45-65-85-105 मध्ये वरच्या दोन (बारीक) तारा त्याच राहतात, खालच्या दोन, A आणि सर्वांत जाड E, जरा भरीव होतात. ढोलाबरोबर वाजवणाऱ्याला मी हाच सुचवेन. एर्नी बॉलच्या बाबतीत नावाने फसायला होतं: ‘रेग्युलर स्लिंकी’ हा बेसचा संच 50-70-85-105, म्हणजे चारी तारा ईएक्सएल 170 पेक्षा जाड. 45-105 हवा असेल तर त्यांचा ‘हायब्रिड’ मागायचा.

फ्लॅटवाउंड म्हणजे ताठ, हा समज अर्धाच खरा. जेमरसनच्या नावाचा ला बेलाचा संच 52 ते 110 आहे. तो चढवला की मान वाकते, नटच्या (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा अरुंद पडतात आणि पहिल्या आठवड्यात डाव्या हाताला कष्ट होतात. याउलट व्हिएन्नाच्या थॉमास्टिकचा जॅझ फ्लॅट्स संच 43-56-70-100, इतका सैल की सवयीच्या जोराने वाजवलं तर तारा फ्रेटवर खडखडतात. दोन्ही फ्लॅटवाउंडच, पण एका बेसवर एकीकडून दुसरीकडे जायचं तर सगळं सेटिंग नव्याने करावं लागतं. डॅडारिओचे क्रोम्स 45-100 मध्ये मिळतात. पहिल्यांदा फ्लॅटवाउंड लावणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. डॅडारिओ आणि एर्नी बॉल दुकानात किंवा कुरियरने चटकन मिळतात. ला बेला, थॉमास्टिक मागवाव्या लागतात, तेव्हा घटस्थापनेच्या आठवड्यात मागवून उपयोग नाही.

लांबीही बघा. बहुतेक बेसची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, 34 इंच, मस्टँगसारख्या छोट्या बेसची 30. बॉडीच्या मागून तार ओवायची सोय असेल तर तार जास्त लांब लागते, आणि फ्लॅटवाउंड तर तिथून ओवूच नये, तीव्र वळणावर तिची पट्टी उसवते. खुंटीला तार गुंडाळण्याआधी टोक काटकोनात दुमडून मगच कापायचं. खुंटीच्या पुढे वितीच्या निम्म्याहून जरा जास्त तार ठेवली की दोन-तीन वेढे नीट बसतात. आधी कापून मग दुमडली तर काही तारांची गुंडाळी आतल्या गाभ्यावर सरकते आणि नवीकोरी तार मुकी होते.

सेटिंग: ब्रिजच्या आधी यावर खर्च करा

तारांची जाडी बदलली की मानेचा बाक बदलतो. पहिला फ्रेट दाबून धरा, त्याच तारेला मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट बघा. 0.3 मिमीच्या आसपास ठीक. ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची E कडे 2.4 आणि सर्वांत बारीक G कडे 2 मिमी, ही फेंडरची नेहमीची शिफारस आहे. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून वाजवलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघायचा. दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकायचा सरकता तुकडा) मागे घ्यायचा.

सुरसागर तलावाजवळ 1886 पासून संगीताचं शिक्षण चालत आलेलं हे शहर, इथे तंबोऱ्याची जवारी काढून देणारा माणूस शोधला तर मिळतो. ट्रस रॉडला हात घालणारा मात्र सहज मिळत नाही. म्हणून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि चांगल्या ॲलन की घरी असाव्यात. दोन्ही मिळून तारांच्या एका संचापेक्षा स्वस्त.

ब्रिज: पत्र्याचा की जाड

आता तो मोहाचा भाग. फेंडर पद्धतीचा जुना ब्रिज म्हणजे काटकोनात वळवलेला पत्रा, पाच स्क्रू आणि चार सॅडल. दुसऱ्या बाजूला गोटो 201, हिपशॉट किकॲस, फेंडरचा हायमास. ‘रश’ बँडच्या गेडी लीच्या जॅझ बेसमुळे गाजलेला बॅडॲसही त्याच जातीचा. या जाड ब्रिजचा दावा असा की वजनामुळे स्वर जास्त वेळ टिकतो. शांत खोलीत, एकच स्वर वाजवून ऐकला तर थोडा फरक मलाही लागतो. पण नव्या तारांनी पडतो त्याच्या तुलनेत तो किरकोळ, आणि मैदानावर तर शून्य. उलट खांद्यावरचं वजन वाढतं, ते तीन तासांनी चांगलंच समजतं.

मग जाड ब्रिजचं खरं काम काय? तो हलत नाही. पत्र्याच्या ब्रिजवर जोरात वाजवलं की सॅडल आडवे सरकतात, त्यांचे उंचीचे बारीक स्क्रू कंप पावून उतरतात आणि हळूच खडखडतात. जाड ब्रिजमध्ये सॅडल खोबणीत बसलेले असतात. तुमचा त्रास हाच असेल तर तो घेण्यात अर्थ आहे. पण आधी त्या बारीक स्क्रूंना नेलपॉलिशचा एक थेंब लावून बघा. बऱ्याचदा तेवढ्यात भागतं.

घामाने गंजलेले स्क्रू हे दुसरं योग्य कारण. बेस आडवा ठेवून दिव्याखाली सॅडल बघा: उंचीच्या स्क्रूच्या डोक्यातलं षटकोनी भोक लालसर भुकटीने भरलेलं असतं. की आत जाते, पण धरत नाही. जोर केला की भोक गोल झालंच. आधी टाचणीने भुकटी उकरा, गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब टाका, रात्रभर ठेवा. आशियाई बनावटीला मिमीची की आणि अमेरिकन बनावटीला इंचाची लागते. दोन्ही एकमेकींत ‘जवळपास’ बसतात, आणि घात तिथेच होतो. तरीही निघाला नाही तर नुसते सॅडल बदलता येतात का ते बघा, मग ब्रिजकडे वळा.

घेण्याआधी मापं घ्या, चित्र बघून मागवू नका. पहिलं माप तारांमधलं अंतर, फेंडर पद्धतीत ते 19 मिमी असतं. दुसरं, पाच स्क्रूंच्या भोकांची मांडणी. जुळली नाही तर बॉडीत नवी भोकं पाडावी लागतात आणि जुनी उघडी दिसतात. तिसरं माप बहुतेक जण विसरतात: तळाची जाडी. जाड ब्रिजचा तळ पत्र्यापेक्षा उंच असतो. सॅडल आधीच तळाला टेकलेले असतील तर नव्या ब्रिजवर तारा हव्या तितक्या खाली येणारच नाहीत, आणि मानेखाली पाचर घालायची वेळ येईल. गिब्सन पद्धतीच्या तीन स्क्रूंच्या ब्रिजचं प्रकरण वेगळं. त्याला हिपशॉटचा सुपरटोन थेट बसतो, आणि तिथे मी बदलण्याच्या बाजूने आहे, कारण मूळ ब्रिजमध्ये इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका लागणं) जुळवणं कटकटीचं आहे.

ब्रिज काढलात की खाली एक उघडी तार दिसेल, ती अर्थिंगची. नव्या ब्रिजचा तळ तिच्यावर नीट दाबला गेला पाहिजे. तारांना हात लावल्यावर ॲम्पची घरघर कमी होत असेल तर जोडणी ठीक आहे. मांडवातल्या एक्स्टेंशन बोर्डालाच अर्थिंग नसेल आणि माइकला ओठ लागून झटका बसत असेल, तर त्याला कोणताही ब्रिज उपाय नाही, मांडववाल्यालाच गाठा.

खुंट्या आणि बाकीचं

सूर उतरतो म्हणून लोक खुंट्यांना दोष देतात. बहुतेक वेळा वेढे कमी असतात किंवा तार नटमध्ये अडकते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा. खुंटीचा दांडा बोटाने हलवल्यावर डुलत असेल तरच बदला. जुन्या फेंडर पद्धतीच्या मोठ्या खुंटीला साधारण 17.5 मिमीचं भोक लागतं, आशियाई बेसना बऱ्याचदा 14 च्या आसपास. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान करायला बुशिंग शोधत बसावं लागतं. बेसची मान सारखी खाली झुकत असेल तर हिपशॉट अल्ट्रालाइट किंवा गोटोच्या रेसोलाइटसारख्या हलक्या खुंट्यांचा खर्च जाड ब्रिजपेक्षा सार्थकी लागतो.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर पॉटमध्ये (बटणाखालच्या भागात) काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारा. बदलायचंच झालं तर पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसला 250 किलोओमचा, पण आधी दांड्याची जाडी मोजा. नाहीतर जुनी नॉब बसत नाही. ॲक्टिव्ह बेस असेल तर केबल खोचून ठेवू नका. जॅकमध्ये केबल असेपर्यंत 9 व्होल्टची बॅटरी जळत राहते. आणि ढिला जॅक नवरात्राआधीच बदलून टाका, स्विचक्राफ्टचा घेतला तर पुष्कळ वर्षं टिकतो.