थ्रिलर कागदावर वाचावा की किंडलवर?

नवरा-बायको, सासू, समोरची शेजारीण, कुलूप लावलेली खोली आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक गुपित. असा घरातल्या घरात घडणारा थ्रिलर कागदावर वाचावा की किंडलवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर? किंमत, वजन, बॅटरी सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देतो.

कागदाचं खरं बळ मागे जाण्यात आहे. या कादंबऱ्यांत प्रकरणाच्या डोक्यावर नाव आणि काळ असतो: ‘ती, आठ महिन्यांपूर्वी’, ‘तो, आज’. लेखक फसवतो ते बहुतेकदा या दोन ओळींच्या मधल्या फटीत. शंका आली की चालू पानात बोट अडकवायचं, भरभर मागं जायचं, खात्री करून परत यायचं. किंडलवर लांब मागं जायला बहुतेकदा अनुक्रमणिका उघडली जाते आणि तिथं पुढच्या प्रकरणांची नावंही दिसतात. मेलेली बायको 41व्या प्रकरणात स्वतः बोलणार आहे हे तिथं कळलं, तर पुढं वाचायला उरलं काय? शब्द शोधायला गेलं तरी तोच धोका, पुढच्या पानांवरची वाक्यं यादीत येतात.

तरीही माझा कल किंडलकडे आहे. कारण एकच, उजव्या हातातली जाडी. 400 पानांच्या पुस्तकात 240व्या पानावर नवरा कबुली देतो. अंगावर काटा येतो, पण अंगठ्याखाली अजून बोटभर पानं असतात. म्हणजे कबुली खोटी, नाहीतर अर्धवट. लेखकानं जिवापाड जपलेलं गुपित अंगठा फोडतो, आणि कागदावर याला इलाज मला तरी दिसत नाही.

किंडलवर आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवत राहा. पान, लोकेशन (पुस्तकातल्या जागेचा किंडलचा आकडा), उरलेला वेळ असं बदलत शेवटी ती जागा कोरी होते. रीडिंग ऑप्शन्समध्ये जाऊन पॉप्युलर हायलाइट्स बंद करा, नाहीतर इतरांनी अधोरेखित केलेलं वाक्य ‘हाच धागा’ म्हणून ओरडतं. एक्स-रे नावाच्या सोयीत पात्रांची यादी असते, तिकडं फिरकू नका. वाचताना पानाच्या वरच्या कडेला बोट लावू नका, पट्टी उघडते आणि किती वाचून झालं ते दिसतं. आणि मागे जायची सोय म्हणून पोस्टकार्डाएवढा कागद जवळ ठेवा, प्रत्येक प्रकरणाला एक ओळ: क्रमांक, कोण बोलतंय, केव्हाचं. अनुक्रमणिकेची गरजच पडत नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट किंडलच्या बाजूनं जाते. मे महिन्यात गच्चीवर अंथरूण टाकून वाचायचं तर दिवा लावावा लागतो, आणि दिव्यावर पाखरं येतात. किंडलचा उजेड अगदी मंद ठेवला की तो त्रास बराच कमी होतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्येही डब्यातले दिवे गेल्यावर शेजाऱ्याची झोप न मोडता वाचता येतं. शेंगाचटणीचं बोट लागलं तर स्क्रीन पुसता येते, पानावरचा तेलाचा डाग राहतो.

ऑडिओचा विचार असेल तर थोडं थांबा. मिक्सर लावला आणि नेमकी ‘आठ महिन्यांपूर्वी’ ही ओळ निसटली, की पुढची 20 मिनिटं चुकीच्या काळात जातात.

कागदी प्रत मात्र दुसऱ्या वाचनाला उत्तम. शेवट माहीत असताना लेखकानं कुठं कुठं पेरलंय ते शोधायला चाळण्यासारखं सुख नाही. घरात कुणाला वाचायला द्यायची असेल तर आधी वहीला घालतो तसं वर्तमानपत्राचं कव्हर घाला. मलपृष्ठावरच्या मजकुरात पहिलं वळण हमखास सांगून टाकलेलं असतं.