कॅबिनेट मॉडिंगच्या नादात २७,८७४ रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढे लपवायला काही उरणार नाही. सत्तावीस हजार आठशे चौऱ्याहत्तर. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, आणि तो कापून-रंगवून आपल्याला हवा तसा करणं म्हणजे मॉडिंग; ते एका अनोळखी माणसाकडून करून घ्यायला गेलो आणि हे गेले. त्यातले ३८० कुरिअरचे. बाकीचे २७,४९४ मी माझ्या हाताने, माझाच पिन टाकून, पाच वेळा पाठवले. ओटीपी दिला नाही, लिंक उघडली नाही, कुठलं ॲप घेतलं नाही. आणि माझं दुकान कसलं, तर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. काउंटरवर मीच मोठ्या अक्षरात कागद चिकटवला होता : 'अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका'. तो बायकोने काढून टाकला. म्हणाली, लोक वाचतात आणि तुमच्याकडे बघतात.

घर विजयदुर्गच्या खाडीला लागून, अलीकडच्या म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या अंगाला. खारं वारं काय करतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. सायकलची चेन, खिडकीचे गज, काही सुटत नाही. कॅबिनेटचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, आणि जस्ताचा मुलामा कापलेल्या कडेवर नसतोच. तीन पावसाळ्यांत तळ तांबूस झाला, मागचे दोन स्क्रू गंजून बसले, आणि गेल्या वर्षी पॉवर सप्लायमध्ये पाल शिरली ती तिथेच राहिली. तेव्हा ठरवलं, नवा डबा आणायचा नाही, आहे तोच नीट करायचा. पुढच्या पंख्यांना जाळी, आत येणारी हवा जास्त आणि बाहेर जाणारी कमी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. वर २४० चा, म्हणजे १२० चे दोन पंखे बसणारा, पाण्याने थंड करायचा रेडिएटर, डाव्या पॅनेलला ३ मिलिमीटर ॲक्रिलिकची खिडकी, आणि सगळ्या पत्र्याला पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत पक्का केलेला रंग. माझा पहिलाच मॉड. दोन महिने आलेखाच्या वहीत आखत होतो, पुठ्ठ्याचं डमी पॅनेलसुद्धा केलं होतं. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की 'काही माहीत नसताना उडी मारली' असं कुणी म्हणू नये. माहीत होतं. तेच तर जास्त लागतं.

मग स्वतः का नाही कापलं? जिगसॉ करवत नाही, पत्र्याला लागणारं बारीक दातांचं पातं आमच्या बाजारात मिळालं नाही, आणि पावडर कोटिंगला भट्टी लागते. म्हणून एका ग्रुपवर 'पुण्यात वर्कशॉप, कोकणात डिलिव्हरी' असं लिहिणारा भेटला तेव्हा बरं वाटलं. फोटो झकास. ते दुसऱ्यांच्या कामांचे होते, हे नंतर तेच फोटो इंटरनेटवर टाकून मूळ कुठले ते शोधल्यावर कळलं. दोन मिनिटांचं काम, ते मी पैसे गेल्यावर केलं. तुम्ही आधी करा. बोलायला गोड. 'सर' म्हणायचा, मग 'दादा' झाला, शेवटी शेवटी आईच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागला.

पहिले ५०० ड्रॉइंगचे. 'ऑर्डर दिलीत तर वळते करू.' दोन दिवसांत ड्रॉइंग आलं, रंगीत, मापं घातलेलं, कोपऱ्यात शिक्का.

आता इथे जरा थांबतो, कारण मी रोज रात्री इथेच येऊन थांबतो.

१२० चा पंखा १२० मिलिमीटरचा असतो तो चौकटीला. स्क्रूची भोकं १०५ वर असतात, मध्यापासून मध्यापर्यंत. ज्याने आयुष्यात एकदा तरी पंख्यासाठी पत्रा कापलाय त्याला हा आकडा झोपेतून उठवून विचारा. २४० च्या रेडिएटरला दोन पंखे शेजारी, म्हणजे १०५, मध्ये १५, पुन्हा १०५. एका ओळीत चार भोकं, दोन ओळी, एकूण आठ. माझ्या वहीत अगदी असंच होतं. त्याच्या ड्रॉइंगमध्ये १२०-१२० लिहिलं होतं आणि भोकं सहा होती. मधली दोन भोकं दोन्ही पंख्यांना सामायिक, जसा बांधावरचा माड दोन भावांच्यात असतो तशी. अशा भोकात स्क्रू घातला तर तो पंख्याच्या चौकटीच्या बरोबर कडेवर, हवेत येणार.

मी पाहिलं. मोजलं. पंखा काढून त्यावर स्टीलची पट्टी ठेवली, १०५. त्याला विचारलंसुद्धा. मेसेज अजून आहे माझ्याकडे : 'आठ हवीत ना?' त्याचं उत्तर : 'दादा, प्रो बिल्डमध्ये शेअर्ड माउंटिंग असतं.' आणि मी, वहीत दोन महिने आठ भोकं आखणारा, लिहिलं : 'ओके दादा, तुम्हाला जास्त कळतं.'

तुम्हाला जास्त कळतं! माझ्याकडे पट्टी होती, पंखा होता, आकडा होता. त्याच्याकडे इंग्रजी शब्द होता.

त्याच संध्याकाळी ९,००० आगाऊ. नाव दिसलं ते भलत्याच बाईचं. 'अकाउंटंटचं खातं आहे.' बरं. मग म्हणाला, डावं पॅनेल आणि वरचा पत्रा पाठवा. वरचा पत्रा रिव्हेटने बसवलेला होता, ते रिव्हेट मी ड्रिलने उडवले, दोन्ही पत्रे पुठ्ठ्यात बांधले आणि ३८० रुपये भरून पाठवले. पत्ता वर्कशॉपचा नाहीच, कुरिअरच्या ऑफिसातून 'आमचा मुलगा घेऊन जाईल'. ज्याला स्वतःचं दार नाही त्याला काही पाठवू नका, नारळसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी फोटो आला : माझं पॅनेल, कुणाच्या तरी टेबलावर, वर पांढऱ्या खडूच्या रेघा. मुलीने चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर, एक पंख फाटलेला, तसंच. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. काम सुरू झालं! त्या आनंदात रेडिएटर, पंप आणि तीन पंख्यांचे ११,८०० पाठवले, 'होलसेल भावात'. म्हणजे माझाच पत्रा मला दाखवून माझ्याकडून पैसे काढले.

मग जीएसटी. २०,८०० वर १८ टक्के, ३,७४४. बिल आलं, आणि ही माझी दुसरी नामुष्की. जीएसटी नंबर पंधरा आकडी-अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा २७. मी दुकानात रोज लोकांची बिलं छापतो, २७ माझ्या बोटांत बसलाय. या पुण्याच्या माणसाचा नंबर ०९ ने सुरू होत होता, तो उत्तर प्रदेशचा. पुणे ते कोकण राज्यातल्या राज्यात, तर ९ आणि ९ असे दोन भाग हवेत. याने आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा कर, १८ लावलेला. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की नाव येतं, फुकट. मी लोकांना हे करून देतो आणि वीस रुपये घेतो. स्वतःसाठी नाही केलं. दहावीच्या निकालाचे दिवस होते, दुकानात रांग होती, एका हातात कुणाचा तरी आधार आणि दुसऱ्या हातात फोन. असो, कारणं आहेत, पैसे नाहीत.

शेवटचे २,४५० लाकडी पेटी आणि विम्याचे, 'माल मिळाला की परत'. परत मिळणारे पैसे आधी का भरायचे हे आईने विचारलं. तिने आधीपण विचारलं होतं, "पत्रो कापूक पुण्याक कित्याक व्हयो?" मी तिला म्हटलं होतं, आई, हे वेगळं काम आहे. २,४५० पोचले आणि तिसऱ्या दिवशी नंबर बंद.

आता पुढचं. पैसे गेले त्याचा राग एकीकडे, आणि त्यानंतरच्या दीड महिन्याचा राग दुसरीकडे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पाचही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे ज्याच्या-त्याच्या ओळखीचे नंबर, भरले. हे ज्या मिनिटाला शंका येईल त्या मिनिटाला करायचं. मी तीन दिवस 'बॅटरी उतरली असेल बिचाऱ्याची' म्हणून थांबलो, तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून गेले. मग लेखी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "कॅबिनेट म्हणजे कपाट ना?" मी म्हटलं, कॉम्प्युटरचा डबा. "मग डब्याला भोकं कशाला पाडायची?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. पालीची गोष्ट सांगितली. बाजूचे दोघे हसले.

दुसऱ्या खेपेला हद्द निघाली. दुकान खाडीच्या अलीकडे, बँकेचं खातं पलीकडच्या बाजारातल्या शाखेत, आणि ११,८०० पाठवले तेव्हा मी सासुरवाडीला, तीही पलीकडे. "व्यवहार त्या जिल्ह्यातला दिसतो." बरं, पलीकडे गेलो. सकाळची एसटी, फणसासारखी ठेचून भरलेली. तिथले म्हणाले, तक्रारदार राहतो कुठे? अलीकडे. मग अलीकडे जा. खाडीवर पूल आहे म्हणून बरं, नाहीतर मी अजून मधोमध होडीत बसलेलो असतो.

मी घरी बसून वाचलं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आहेत. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. झिरो एफआयआर. फसवणुकीचं न्याय संहितेतलं कलम ३१८, पूर्वीचं ४२०. प्रिंट काढून नेलं. साहेब शांतपणे म्हणाले, "एवढं सगळं ठाऊक आहे, तर फसलात कसे?"

ही एक ओळ मी विसरणार नाही. नंतर म्हणाले, माल दिला नाही हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला दाव्याची फी नाही, हे खरं. पण समोरच्याचा पत्ता लिहावा लागतो. काय लिहू? कुरिअरचं ऑफिस?

बँकेत तर कमालच. आधी एफआयआरची प्रत आणा. ठाण्यात म्हणतात, आधी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. शिक्का ज्यांच्या कपाटात (हे खरं कपाट) ते रजेवर. त्यांची रजा संपली तर लिंक डाउन. शेवटी मॅनेजर म्हणाले, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, पण ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांना. "तुम्ही स्वतः पिन टाकलाय ना?" हो, टाकलाय. पाच वेळा टाकलाय. मी काय नाही म्हणतोय? मी म्हणतोय की ज्या खात्यात गेले ते खातं कुणीतरी, कुठल्यातरी बँकेने, कुणाचं तरी केवायसी घेऊनच उघडलं ना? माझ्या आईला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला तीन वेळा अंगठा लावावा लागला, तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात म्हणून. आणि ज्याने माझे पैसे उचलले त्याचे अंगठे कुणी पाहिले? लेखी तक्रार देऊन ठेवलीय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह. तोंडी 'बघतो' म्हणजे काहीच नाही.

एक खबर आली खरी. दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात माझे १,९१२ रुपये अडकवून ठेवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला सांगितलं. वकिलांना विचारलं, अर्जाचे ३,००० म्हणाले. हिशोब तुम्हीच करा.

मधल्या काळात मी गावातल्या ग्रिलवाल्याकडे गेलो, लाज सोडून. डबा बिनछपराचा, वर कौलं गळतात. त्याला आलेखाचा कागद दाखवला तर हाताने बाजूला केला. "पंखो घेवन ये आधी. कागद काय करूचो हा माका?" पंखा पत्र्यावर ठेवला, भोकांतून खिळ्याने खुणा केल्या, चार. सरकवला, आणखी चार. एकदाही पट्टी घेतली नाही. मी आठ मोजली आणि तिथेच स्टुलावर बसलो. कडा कानसून झाल्यावर त्याने स्वतःहून सांगितलं, कापल्या कडेला आजच प्रायमर मार, नाहीतर आठ दिवसांत तांबेरा. मदरबोर्ड आणला नव्हतास ते बरं केलंस, लोखंडाचा भुसा आत गेला तर गेलं सगळं. वरच्या पत्र्याचे ३५० घेतले. खिडकी राहिलीय. डाव्या बाजूला सध्या मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय.

आणि हे लिहायला बसलो ते या कारणाने. परवा एका दुसऱ्या ग्रुपवर नव्या नावाची जाहिरात आली. या वेळी वर्कशॉप कोल्हापुरात, आगाऊ ८,५००. खाली 'सध्या चालू असलेलं काम' म्हणून फोटो : काळं पॅनेल, खडूच्या रेघा, उजव्या कोपऱ्यात फुलपाखरू, डावा पंख फाटलेला. खाली तिघांनी किंमत विचारली होती. मी लिहिलं, हे पॅनेल माझं आहे. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. त्या तिघांपैकी कुणी हे वाचत असेल, किंवा तुम्हाला तो फोटो आला, तर त्याला एवढंच विचारा : १२० च्या पंख्याची भोकं किती अंतरावर?